इटारसीला आडवा पडलेला सेल

यादो, तू गेलास त्या दिवशी मी चार रेकॉर्डर तपासले.

हे तुलाच सांगता येईल म्हणून सांगतो. सहाच्या पाळीला येताना गेटच्या अलीकडे तू सायकलवरून उतरलास, सायकल स्टँडवर लावलीस आणि मग रस्त्याच्या कडेला बसलास. पाहणारे सांगतात, बसल्यावर तू एकदा मनगटावरचं घड्याळ पाहिलंस आणि डावीकडे कललास. दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला नळी लावली, काढली, आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. तुझ्या गावी माणूस पाठवला. बाबांना पोचायला संध्याकाळ होणार होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायचं ठरलं. वहिनींजवळ शेजारच्या बायका बसल्या होत्या. मला कोणी काही करायला सांगितलं नाही. साहेब म्हणाले, घर जाओ. मी कारखान्याच्या लॅबमध्ये गेलो.

रजिस्टरमध्ये त्या दिवसाच्या नोंदी माझ्या हस्ताक्षरात आहेत. आकडे एकाखाली एक सरळ आहेत. तिसऱ्या रेकॉर्डरचा पेन अडकत होता, तो साफ केला, असंही लिहिलं आहे. मला यातलं काही आठवत नाही. दोन दिवसांनी मी तेच चारही रेकॉर्डर पुन्हा काढून तपासले. वाटलं, अशा अवस्थेत केलेलं काम, चूक असणारच. एकही चूक निघाली नाही. निघाली असती तर बरं वाटलं असतं.

आज पंधरा दिवस झाले. तुला शिवनाथ नदीच्या काठावर नेलं तेव्हा मी होतो, तुझ्या बाबांच्या हाताला धरून होतो, लाकडं रचणाऱ्यांना इकडून घ्या, तिकडून घ्या सांगत होतो. घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. भाजीत मीठ कमी होतं हेही कळलं. बायको माझ्याकडे पाहत राहिली. ती काय शोधत होती ते मला समजत होतं, पण माझ्याकडे ते नव्हतं. अजून नाही. आत काहीतरी आहे एवढं कळतं, पण बोट लावलं तर बोटालाही कळत नाही आणि त्यालाही कळत नाही.

म्हणून सुरुवातीपासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे. तरी सांगतो.

आपण दोघं एकाच आठवड्यात भिलाईला आलो. तू आमगावकडचा शेतकऱ्याचा पोरगा, गोंदियाला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हात बसवलेला. मी रेल्वेवाल्याचा, माझं बालपण दुर्गच्या लाइनवरच्या क्वार्टरांत गेलेलं. तेव्हा पोलादाचा कारखाना म्हणजे खोदलेली लाल माती, लोखंडी सांगाडे आणि दिवसभर चाललेली ठोकाठोक. कॅम्पमध्ये आपल्याला एक खोली मिळाली, पत्र्याची. तू पहिल्या दिवशी काय केलंस? भिंतीला थर्मामीटर टांगलास. सकाळ-दुपार-संध्याकाळ आकडा लिहायचास. मी म्हटलं, "काहून लिहून राहिला बे? गरम होते हे त तसंही समजते."

तू म्हणालास, "समजते. पण किती ते नाही समजत."

त्यावर मी हसलो होतो. पुढं तेच आपलं पोट भरायचं काम झालं. भट्टीत, भट्टीला जाणाऱ्या गरम हवेत, कोळशाच्या ओव्हनमध्ये, जिथं माणूस हात घालू शकत नाही तिथं दोन तारांचं टोक जातं. आतल्या आचेनं त्या तारांत इवलासा विजेचा दाब तयार होतो आणि रेकॉर्डर त्यावरून कागदावर रेघ काढत जातो. ती रेघ पाहून भट्टीवरची माणसं भट्टी चालवतात. आणि ती रेघ खरी की खोटी, हे पाहणारे आपण. कॅलिब्रेशन हा शब्द वहिनींना सांगता सांगता तुझ्या नाकी नऊ आले होते. शेवटी तू म्हणालास, "दुकानदार मालाले जोखते. आम्ही दुकानदाराच्या काट्याले जोखतो." वहिनी म्हणाल्या, "आन तुमच्या काट्याले कोण जोखते?" तू माझ्याकडे पाहिलंस, इतका खूश होऊन, की जणू त्यांनी परीक्षा पास केली.

कारण तोच तर खरा प्रश्न होता. आपल्या काट्याला जोखणारी वस्तू म्हणजे ते तीन सेल. कारखाना उभारायला आलेल्या रशियन इंजिनियरनं स्वतः खोके उघडले होते. काचेची दोन पायांची नळी, तळाशी पारा, वर क्षारांचा थर, आणि सगळं लाकडी पेटीत, कापसात. आतला दाब एक व्होल्टपेक्षा जरासा जास्त, आणि तो हलत नाही. वर्षानुवर्षं तोच. त्याच्यावरून लॅबचा दाब मोजायचा पोटेन्शिओमीटर लावायचा आणि पोटेन्शिओमीटरवरून कारखान्यातले सगळे रेकॉर्डर. रशियन साहेबाला हिंदी येत नव्हती, दुभाष्या आलेला नव्हता. त्यानं पेटी उभी धरून मान हलवली, हो. मग पेटी आडवी केल्यासारखा नुसता हात केला आणि तोच हात स्वतःच्या गळ्यावरून फिरवला. आपल्याला समजलं.

पहिल्या भट्टीतून पहिलं लोखंड वाहिलं तो दिवस तुला आठवत असेल. सगळे तिकडं धावले. आपली दोघांची नेमणूक पॅनेलरूममध्ये, गरम हवेच्या रेकॉर्डरसमोर. बाहेर लोकांचा गलका ऐकू येत होता, काचेवर लाल उजेड हलत होता, आणि मी खुर्चीत चुळबुळत होतो. तू रेघेवरची नजर न काढता म्हणालास, "जा, पाहून ये. मी हाय इथं." मी गेलो. ते पाहिलं. परत येऊन तुला सांगायला लागलो तर तू म्हणालास, "थांब, एवढी रेघ सरळ होऊ दे." लोखंड वाहताना पाहायला तुला पुढं दोन महिने लागले. मला त्याच दिवशी मिळालं, कारण तू बसून होतास. हे मी तेव्हा उपकार म्हणून मोजलं नाही. तूही मोजलं नाहीस.

आता इटारसी.

ठरावीक मुदतीनं एक सेल दिल्लीच्या प्रयोगशाळेत न्यायचा, त्यांच्या सेलशी ताडून पाहायचा, सर्टिफिकेट घेऊन परत आणायचा. बाकीचे दोन लॅबमध्येच राहायचे. पार्सलनं पाठवायची सोय नाही. माणसानं मांडीवर घेऊन न्यायचा. साहेबांनी तुला निवडलं. पेटी तुझ्या सहीनं बाहेर निघाली. सोबतीला मी, म्हणजे एकानं डोळा मिटला तर दुसऱ्यानं धरायला.

जाताना किती मजा केली आपण. दुर्गला गाडीत बसलो तेव्हा एका म्हातारीनं विचारलं, "देव हाय काय पेटीत?" तू गंभीरपणे म्हणालास, "तसंच समजा, माय." मग तिनं नागपूर येईपर्यंत पेटीकडे पाय केले नाहीत. नागपूरला गाडी बदलली. दिल्लीला सगळं नीट पार पडलं. त्यांच्या माणसानं तुझ्या वह्या पाहिल्या, दोन पानं उलटून पाहिली आणि विचारलं, ये किसने लिखा है? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. लिहिलं तूच होतंस. तुझं कोणी कौतुक केलं की तुला घाम यायचा.

परतीला इटारसीला गाडी थांबली. दुपार होती. तू म्हणालास, "मी पाणी भरून आणतो. खाली ठेवू नको. मांडीवरच ठेव." मी हो म्हटलं. तू उतरलास. खिडकीशी पुरीवाला आला. मला भूक लागली होती, यादो. एवढंच कारण आहे. दोन्ही हात मोकळे हवे होते, म्हणून मी पेटी बाकावर माझ्या बाजूला उभी ठेवली आणि खिडकीतून द्रोण घेतला. तेवढ्यात एक कुटुंब डब्यात चढलं. त्यांची लोखंडी पेटी बाकावर आली, तिच्या कोपऱ्याचा धक्का लागून आपली पेटी खाली गेली. आडवी पडली. मी द्रोण टाकून ती उचलली, उभी केली, मांडीवर घेतली. आवाज असा काही झालाच नाही. ज्यांची ट्रंक होती त्यांनी पाहिलंही नाही.

तू पाणी घेऊन आलास. म्हणालास, "पुऱ्या सांडल्या वाटते." मी म्हटलं, हो.

आमला स्टेशन येईपर्यंत मी गप्प होतो. आमल्याला सांगितलं. वाटलं होतं, तू ओरडशील, निदान शिवी देशील. तू खिशातून ती छोटी डायरी आणि पेन्सिल काढलीस.

"किती वेळ आडवा होता?"

"दहा सेकंद असन."

"किती उंचीवरून?"

"बाकावरून."

"कोणत्या कडेले पडला? डावी का उजवी?"

मी आठवून सांगितलं. तू लिहिलंस. मग पेटी माझ्याकडून घेतलीस आणि नागपूरपर्यंत, नागपूरहून दुर्गपर्यंत एकदाही माझ्याकडे दिली नाहीस. तेवढीच तुझी शिक्षा.

मी म्हटलं होतं, "यादो, कोणाले सांगू नको. जरासं इकडेतिकडे झालं असन, त भट्टीले काय फरक पडते? एक डिग्रीचाही नाही पडत."

"भट्टीले नाही पडत," तू म्हणालास. "वहीले पडते."

आपलं भांडण तिथं सुरू झालं. ते कधी संपलं नाही. मी म्हणायचो, तू कागदाची पूजा करतोस. तू म्हणायचास, "सर्टिफिकेट ज्या सेलचं हाय तो सेल इटारसीपर्यंत होता. पुढचा सेल कोणता हाय ते मले माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबच्या रजिस्टरमध्ये तू लिहिलंस, परतीच्या प्रवासात इटारसी येथे सेल आडवा पडला, सुमारे दहा सेकंद, सर्टिफिकेट ग्राह्य धरू नये. खाली तुझी सही. माझं नाव कुठंही नाही. मी ते वाचलं तेव्हा तू खिडकीशी उभा राहून गॅल्व्हानोमीटरची काच पुसत होतास.

मी म्हटलं, "हे खोटं हाय."

"यात काय खोटं हाय? पडला नाही काय?"

"माह्या हातून पडला."

"मी पडला असं लिहिलं. कोणी पाडला असं नाही लिहिलं. पेटी माह्या सहीनं गेली, माह्या सहीनं आली."

साहेब चिडले. दिल्लीची सगळी खेप वाया गेली होती. रशियन इंजिनियर शांत होता. त्यानं दुभाष्याकरवी सांगितलं, तो सेल उभा ठेवा, हलवू नका, आणि रोज बाकीच्या दोघांशी ताडून पाहत जा. तू पाहत गेलास. पहिले काही दिवस तो सेल वेगळाच बोलत होता. मग हळूहळू जवळ येत गेला. महिन्याभरानं तिन्ही सेलचं पुन्हा जमलं. रशियन इंजिनियरनं तुझा तक्ता पाहून तुझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की तुझा चष्मा घसरला. पण सर्टिफिकेट तू वापरू दिलं नाहीस.

मग रशियाची यादी निघाली. दहा महिन्यांचं प्रशिक्षण, आपल्या लॅबमधून एक माणूस. सगळ्यांना ठाऊक होतं तो कोण असणार. यादी लागली तेव्हा तिच्यात माझं नाव होतं.

मी साहेबांकडे जायला हवं होतं. दार दहा पावलांवर होतं. त्याऐवजी मी तुझ्या क्वार्टरवर आलो. मनात म्हटलं, यादो जे म्हणेल ते करू. तू अंगणात सायकलची साखळी काढून बसला होतास. मी म्हटलं, यादी लागली. तू म्हणालास, ऐकलं. मग म्हणालास, "तिथं सेल तेलात ठेवतेत म्हणे. ते भांडं कसं असते ते नीट पाहून ये. मोजमाप घेऊन ये."

मी बसून राहिलो. तुझे हात तेलकट होते म्हणून वहिनींनी चहाचा कप तुझ्या तोंडाशी धरला होता आणि तू हसत होतास. मी चहा पिऊन उठलो.

तिथून मी तुला पत्रं लिहिली, बर्फाची, लोकांच्या टोप्यांची, काळ्या ब्रेडची. तुझी उत्तरं यायची, त्यात वरती दोन ओळी, घरी सगळे मजेत, पोरगी चालायला लागली, आणि खाली तिन्ही सेलचे आकडे. दुसरा कोणी असता तर मला वाटलं असतं, टोमणा मारून राहिला. तुझ्या बाबतीत तसं वाटायची सोय नव्हती. तुला खरंच वाटायचं, की एवढ्या दूर मला करमत नसेल आणि सेल कसे आहेत हे कळलं की बरं वाटेल. एक सांगू? वाटायचं.

परत आल्यावर मी वर चढलो. तू माझ्या हाताखाली आलास. चारचौघांत मला दामोदरराव म्हणायला लागलास, एकटे असलो की बे दामू. तेलाच्या भांड्याचं मोजमाप मी आणलं होतं, ते तू वर्कशॉपमधून बनवून घेतलंस, रशियातल्यापेक्षा चांगलं. साहेबांनी त्याचं कौतुक माझ्यापाशी केलं. मी म्हटलं, यादोरावनं केलं. ते म्हणाले, हां, हाथ अच्छा है उसका, बस थोड़ा लापरवाह है.

लापरवाह. तू. ज्यानं मरायच्या आधी सायकल स्टँडवर लावली.

मी तेव्हाही गप्प राहिलो.

तू जायच्या आठवडाभर आधीचं बोलणं हे आपलं शेवटचं नीट बोलणं. बाकी मग कामाचंच. कँटीनमध्ये बसलो होतो. मीच विषय काढला, दर काही महिन्यांनी मला तो काढावासा वाटायचा, फोड आला की बोट तिकडं जातंच तसा. मी म्हटलं, "यादो, आता गंज दिवस झाले, पाच वर्ष झाले. आता तरी मले साहेबाले सांगू दे."

तू कप खाली ठेवलास. जरा वेळ माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही, रीडिंग घेताना पाहायचास तसं.

"मी कवा नाही म्हटलं?"

एवढंच. मग तू पाळी संपायच्या आत कोणता रेकॉर्डर काढायचा ते विचारलंस.

ते वाक्य मी आठ दिवस घेऊन फिरत होतो. खरंच, तू कधी नाही म्हटलं होतंस? मी पाच वर्षं असा वागत आलो, जणू तू मला अडवून धरलं आहेस, तुझ्या शब्दासाठी मी तोंड बंद ठेवलं आहे. तू तुझ्या सहीपुरतं लिहिलं होतंस. माझ्या सहीची जागा रिकामीच होती. ती कोणीही अडवलेली नव्हती. मी ठरवलं, सोमवारी साहेबांकडे जायचं. यादो, हे मी आता सांगतो म्हणून खोटं वाटेल. पण ठरवलं होतं. सोमवारी सकाळी तू गेटजवळ बसलास.

दहाव्या दिवशी नदीवरून आल्यावर दुपारी मी तुझ्या घरी थांबलो. बाबा आत निजले होते. पोरी शेजारी जेवायला गेल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, एक पुसू? ते पेटी त्यायच्या हातून पडली कशी? मले कवा धड सांगतलंच नाही. पुसलं की म्हणत, पडली त पडली."

मी सांगितलं. पुरीवाल्यापासून सगळं. सांगताना माझा आवाज इतका सपाट होता, की मलाच तो दुसऱ्या कोणाचा वाटला. त्या ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा बाहेर पाण्याच्या नळाला रांग लागल्याचा आवाज येत होता.

"म्हणजे त्यायच्या हातून नाही पडली."

"नाही वहिनी."

"मी पाच वर्ष बोलली त्यायले," त्या म्हणाल्या. "एक डबा सांभाळता आला नाही म्हणून. पोरीयसमोर बोलली. माहा भाऊ आला, त्याच्यासमोर बोलली. भाजी करपली, दूध उतू गेलं, काही झालं की मी म्हणो, तुमी काय सांभाळान, तुमाले एक डबा नाही सांभाळता आला. ते हसत."

मला हे माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, माझ्या गप्प बसण्याचं जे काही झालं ते साहेबांच्या खोलीत आणि लॅबच्या रजिस्टरमध्ये झालं. ते रोज तुझ्या घरात, ताटावर, पोरींसमोर होत होतं, आणि तू हसत होतास.

वहिनी रडल्या नाहीत. त्या उठल्या, फळीवरून त्या लाकडी बाहुल्या काढल्या, एकीच्या पोटात एक बसणाऱ्या, मी रशियाहून तुझ्या पोरींसाठी आणलेल्या. माझ्यासमोर ठेवल्या.

"हे घेऊन जा."

मी घेतल्या.

दारापर्यंत गेलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "तेरवीले सगळे येतीन. तवा सांगा. मले एकटीले सांगून काय होते? मी एकटी थोडीच म्हणत होती."

तेरवीला सगळे आले. अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. लॅबची माणसं होती, तुझ्या ओळीतले शेजारी होते, गावाहून तुझे काका आले होते. साहेब खुर्चीवर न बसता खाली बसले. पानं मांडून झाली. वाढायला सुरुवात व्हायची होती, तेव्हा वहिनी आतल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही पोरी त्यांच्या पुढ्यात. नुसत्या माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

मी उठलो. आधी मराठीत सांगितलं, मग साहेबांसाठी हिंदीत. फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट बोलायला पाणी उकळायला लागतो त्याहून कमी वेळ लागला. पेटी माझ्या हातून पडली. यादोरावनं पाणी आणायला जाताना मला बजावलं होतं. मी ऐकलं नाही. त्यानं रजिस्टरमध्ये सही केली, मी तशीच राहू दिली. रशियाला जायचा मान त्याचा होता.

लॅबमधल्या एकानं मान खाली घातली, बाकीच्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी चष्मा काढला. ते दक्षिणेकडचे, हिंदी मोजकीच बोलतात. म्हणाले, "उस दिन बोलते, तो मैं उसी को भेजता."

मी म्हटलं, "जी."

मला वाटलं होतं, हे बोलल्यावर काहीतरी सुटेल. माणसं सांगतात तसं, ओझं उतरतं. तसं झालं नाही. मी उभा होतो, हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तुझ्या थोरल्या पोरीनं आईकडे मान वळवून विचारलं, "म्हणजे बाबाच्या हातून नाही पडला?" वहिनींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाही." पोरगी माझ्याकडे पाहत राहिली. तिचं पाहणं तुझ्यासारखं आहे, यादो. मी नजर काढून घेतली नाही. तेवढं तरी केलं.

तुझे बाबा भिंतीशी बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मला वाटलं, त्यांच्यापर्यंत हे पोचलं नसेल. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. मी त्यांच्यापाशी जाऊन बसलो.

"सेल म्हणजे काय ते मले नाही समजलं," ते म्हणाले. "पण यादो कोठी जानार होता म्हणता?"

"रशियाले, बाबा."

"लय दूर हाय?"

"हो. गंज दूर."

"किती दिवसासाठी?"

"दहा महिने."

त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. महिने मोजले की काय, कोण जाणे. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. शेतकऱ्याचा हात, जड.

"मंग वापस आला असता न?"

"हो बाबा. आला असता."

ते मान हलवत राहिले. मग वाढणाऱ्यांकडे वळून म्हणाले, "वाढा. लोकायले भूक लागली असन."

मी भाताचं भांडं घेतलं. पंगतीच्या एका टोकापासून वाढत निघालो. साहेबांच्या पानावर वाढलं, लॅबच्या माणसांच्या पानांवर वाढलं, तुझ्या काकांना वाढलं. शेवटी पोरींपाशी आलो. धाकटी म्हणाली, जास्त नको. थोरलीनं पानावर हात आडवा धरला. मी थांबलो. तिच्या आईनं दारातून पाहिलं, पण तिला काही म्हटलं नाही.

मी भांडं तिच्या पानाशेजारी खाली ठेवलं आणि तिथंच, सतरंजीच्या बाहेर, जमिनीवर बसलो. आजूबाजूचे जेवत होते. कितीतरी वेळानं, म्हणजे मला तसं वाटलं, तिनं हात काढून घेतला. मी वाढलं. आणि मग, यादो, पानाबाहेर सांडलेली शितं मी एकेक करून वेचत बसलो.